निकाहाचा वकील, तलाकचा वकील

निकाहाच्या मजलिसीत एक माणूस दोन साक्षीदारांना सोबत घेऊन आतल्या खोलीत जातो. नवरीला विचारतो, अमक्याचा मुलगा अमका, इतकी मेहेर, कबूल आहे का? तिची इजाजत घेऊन तो बाहेर येतो आणि काजीसाहेबांना सांगतो. या माणसाला आपल्याकडे वकील म्हणतात. बहुधा तो मुलीचा मामा किंवा चाचा असतो. वकील हा शब्दच अरबी आहे. ज्याच्यावर आपण आपले काम विश्वासाने सोपवतो तो वकील. गरिबातल्या गरीब मुलीच्या निकाहातसुद्धा हा माणूस शोधावा लागत नाही, तो आधीच उभा असतो. परंतु तोच संसार मोडतो, मुलांच्या वाटणीची वेळ येते, तेव्हा त्या बाईचा वकील कोण?

हा प्रश्न आमच्या दारात आला तो काही वर्षांपूर्वी. आम्ही नवी मुंबईत उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दुसरीतला एक मुलगा होता. एका शुक्रवारी दुपारी त्याचे चुलते आले, वडिलांच्या सहीचा अर्ज दिला आणि शाळा सोडल्याचा दाखला मागितला. जनरल रजिस्टरात वडिलांचे नाव होते, सही जुळत होती. आम्ही दाखला लिहून दिला. सोमवारी सकाळी त्याची आई फाटकात उभी होती. मुलगा गावी पोहोचवला गेला होता.

ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "सर, आपने मुझसे पूछा तक नहीं." थोड्या वेळाने तिने विचारले, "बोलते हैं, सात का हो गया, अब बाप का है. कोई वकील है पहचान का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. बी.एड.ला आम्ही बालमानसशास्त्र शिकलो, पाठ टाचणे शिकलो. पण नियमाप्रमाणे केलेल्या कामानेसुद्धा एखादे मूल आईपासून तुटू शकते, हे कोणी शिकवले नव्हते. त्या दिवसापासून आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. सात वर्षांचा हा हिशेब कुठून आला? बाप आणि आई यांच्यात मूल कोणाचे, हे ठरवण्याची रीत कशी बदलत गेली? आणि त्यात बाईला बोलायला तोंड केव्हा मिळाले?

आधी शब्द पाहू. आपल्या फिकहमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. एक हिजानत, म्हणजे मुलाला जवळ ठेवून वाढवणे. हा शब्द ज्या मुळापासून आला त्याचा अर्थ कूस, कवेतली जागा. दुसरा शब्द वलायत, म्हणजे मुलाच्या मालमत्तेची आणि व्यवहारांची जबाबदारी. ती ज्याच्याकडे तो वली. हिजानत आधी आईची, वलायत बापाची, अशी ही मांडणी. कोर्टाच्या मराठीत मात्र दोन्हींसाठी सर्रास एकच शब्द ऐकू येतो, ताबा. जमिनीचा ताबा, गाळ्याचा ताबा, मुलाचा ताबा. कुशीचा शब्द सातबाऱ्याच्या शब्दात मिसळला, की अर्ध्या भांडणाचे मूळ तिथेच रुजते असे आम्हाला वाटते.

हिजानतीच्या मुळाशी एक हदीस सांगितली जाते. तलाक मिळालेली एक स्त्री हजरत मुहम्मद पैगंबरांकडे (स.) आली. आपण या मुलाला पोटात वाढवले, अंगावर पाजले, मांडीवर निजवले आणि आता त्याचा बाप त्याला घेऊन जाऊ पाहतो, अशी तिची तक्रार होती. पैगंबरांनी (स.) निर्णय दिला की दुसरा निकाह करीत नाही तोवर मुलावर तिचाच हक्क अधिक. दुसरी घटना पहिले खलिफा हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या काळातली. हजरत उमर (रजि.) यांनी तलाक दिलेल्या पत्नीपासून झालेला आसिम नावाचा मुलगा कुबाच्या मशिदीच्या आवारात खेळताना त्यांना दिसला. त्यांनी त्याला उचलून घेतले. मुलाच्या आजीने अडवले. वाद खलिफांपुढे गेला आणि उमरसारख्या माणसाविरुद्ध निकाल लागून मूल आजीकडे राहिले. दोन्ही घटनांत बायकांनी आपली बाजू स्वतः मांडली. त्यांना वकील लागला नाही, कारण न्याय करणारा माणूस मशिदीत भेटत होता आणि त्याची भाषा त्यांचीच भाषा होती.

सात वर्षांचा हिशेब पुढच्या फकीहांचा. हनफी मतात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे. शाफई मतात समज आल्यावर, साधारण सातव्या वर्षाच्या पुढे, मुलालाच विचारायचे की तुला कोणाकडे राहायचे आहे. आमच्या वर्गात हे दोन्ही मजहब एकाच बाकावर बसतात. रायगड-रत्नागिरीकडची कोकणी मुले बहुतेक शाफई, उत्तरेकडून आलेल्या कुटुंबांतली बहुतेक हनफी. घरातले मात्र दोघांचेही एकच सांगतात, "सात झाले, बापाचा झाला." जी मर्यादा आईच्या हक्काला आधार म्हणून आली होती, ती तिला दूर करण्याचे हत्यार कधी बनली हे कोणाला कळलेच नाही.

सातचा आकडा विलायतेतही भेटतो. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात मुले सर्वस्वी बापाची. कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेची तीन मुले नवऱ्याने तिच्यापासून तोडली, तेव्हा तिने लेखणी उचलली. तिच्या खटपटीचे फळ म्हणजे १८३९ चा कायदा. त्याने आईला सात वर्षांखालच्या मुलांसाठी कोर्टात अर्ज करण्याची मुभा दिली. म्हणजे जी गोष्ट आपल्या फकीहांनी हजार वर्षांपूर्वी मान्य केली होती, तिथवर इंग्रज एकोणिसाव्या शतकात पोहोचले. हे सांगून छाती फुगवायची नाही. आपण तिथेच थांबलो आणि ते पुढे निघून गेले, हेही सांगायचे आहे.

ॲनी बेझंट यांचे नाव आपण होमरूलमुळे ओळखतो. त्या हिंदुस्थानात येण्याआधी, १८७८ मध्ये, त्यांच्या लहान मुलीचा खटला लंडनला चालला. नवऱ्यापासून वेगळे होताना मुलगी त्यांच्याकडे राहिली होती. पुढे त्यांनी धर्मश्रद्धा सोडली, संततिनियमनाची पुस्तिका छापली. नवऱ्याने त्यावर बोट ठेवून मुलगी मागितली. बेझंट यांनी वकील न देता स्वतः युक्तिवाद केला. न्यायाधीश जेसल यांनी मुलगी बापाला दिली. म्हणजे स्वतः बोलण्याची हिंमत आणि अमोघ वक्तृत्व असूनही काम होत नाही, कारण कोर्ट ज्या कायद्याच्या भाषेत ऐकते ती भाषा बापाच्या बाजूची होती.

आपल्याकडे १८९० मध्ये पालक आणि पाल्य कायदा आला. आपण त्याला गार्डियन्स ॲक्ट म्हणतो. तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे आणि आजही त्याच्याच कलमांवर अर्ज होतात. या कायद्यात दोन सूर एकत्र आहेत. एक कलम म्हणते, मुलाचे हित पाहा, त्याच्या धर्माचा कायदा पाहा, मूल समजते असेल तर त्याची पसंतीही विचारात घ्या. दुसरे कलम म्हणत होते, बाप हयात आणि लायक असेल तर दुसरा पालक नेमायचाच नाही. या दुसऱ्या कलमात बापाच्या जोडीने आईचे नाव घालायला २०१० साल उजाडले. मध्ये एकशेवीस वर्षे गेली.

याच कायद्यातले नववे कलम साधे दिसते, पण पुष्कळ अर्ज त्यावर अडतात. मूल नेहमी जिथे राहते, तिथल्या कोर्टातच अर्ज करायचा. याचा धडा पुन्हा बेझंटबाईंच्याच दुसऱ्या खटल्यात मिळतो. जे. कृष्णमूर्ती आणि त्यांचा धाकटा भाऊ यांना वडिलांनी बेझंट यांच्या हवाली केले आणि नंतर परत मागितले. वडिलांचे वकील सी. पी. रामस्वामी अय्यर. बेझंट याही वेळी स्वतः उभ्या राहिल्या. १९१३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात त्या हरल्या. १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. मुले इंग्लंडात राहत असताना इथल्या कोर्टाला असा हुकूम देता येत नाही, असे ठरले. मूल कुठे राहते, एवढ्या एका गोष्टीवर सारा खटला उलटला.

मुसलमानांच्या बाबतीत १९१८ चा इमामबंदीचा निकाल महत्त्वाचा. तो प्रिव्ही कौन्सिलमध्ये सय्यद अमीर अली यांनी लिहिला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर एका विधवेने आपल्या अज्ञान मुलांच्या वाट्याची मालमत्ता विकली होती. निकाल असा की आईकडे मुलांचे संगोपन असू शकते, पण ती त्यांच्या मालमत्तेची पालक नाही. कूस आईची, सही दुसऱ्याची. आमच्या शाळेच्या कचेरीत त्या शुक्रवारी जे घडले त्याची छोटी आवृत्ती तीच होती.

मुंबई उच्च न्यायालयाच्या खात्यात एक चांगली नोंद आहे. १९४० च्या सुमारास सरस्वतीबाई आणि श्रीपाद या पतिपत्नींचा लहान मुलावरून वाद तिथे गेला. न्यायालयाने सांगितले की बापाचे सुख किंवा आईचे सुख हा प्रश्नच नाही, फक्त मुलाचे हित पाहायचे; आणि कोवळ्या वयाच्या मुलासाठी आईची जागा दुसरे कोणी घेऊ शकत नाही. आजही वकील हा निकाल काढून दाखवतात.

पण निकाल पुस्तकात असतो. तो न्यायाधीशांपुढे उघडून ठेवायला कोणीतरी लागते. आणि इथे बाईची वाट फार काळ बंद होती. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. तरी त्यांना कोर्टात वकील म्हणून उभे राहू दिले जाईना. पुढे बंगालात कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे पडदानशीन बायका आणि त्यांची अज्ञान मुले यांची सल्लागार म्हणून त्यांनी काम केले. ज्या बायका परपुरुष वकिलापुढे येऊ शकत नव्हत्या, त्यांचे म्हणणे त्या लिहून घेत. स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा १९२३ मध्ये झाला. त्यानंतर मिठन टाटा (पुढे मिठन लाम) मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या. म्हणजे बाईच्या तोंडून बाईची बाजू कोर्टात ऐकू येऊ लागली, त्याला शंभर वर्षे नुकतीच होऊन गेली.

आपल्या समाजात हा आवाज रस्त्यावर आधी आला. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. मागणी तोंडी तलाक बंद करण्याची. दलवाईंची सगळी मते पटोत न पटोत, त्या सातजणींच्या धैर्याचा उल्लेख टाळता येणार नाही. १९८३ मध्ये मुंबईच्या शहनाज शेख यांनी स्वतःच्या तलाकनंतर सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि पुढे 'आवाज-ए-निस्वाँ' ही संघटना उभी राहिली. फ्लेव्हिया ॲग्नेस यांची गोष्टही अशीच. मारहाणीच्या संसारातून बाहेर पडून, मुलांसाठी झगडून, वाढत्या वयात कायदा शिकून त्या वकील झाल्या आणि त्यांनी काढलेल्या कायदा केंद्राचे नाव ठेवले 'मजलिस'. आपल्या उर्दूतला हा शब्द एका ख्रिस्ती घरातल्या बाईने वकिलीच्या दारावर लावला, याचे आम्हाला कौतुक वाटते.

१९८४ मध्ये कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला. १९८९ मध्ये पुण्यात आणि मुंबईत अशी न्यायालये सुरू झाली. समुपदेशक असावेत, वातावरण घरगुती असावे, वाद वाढवण्यापेक्षा मिटवावेत, हा हेतू. म्हणून तेराव्या कलमात लिहिले की पक्षकाराला वकिलामार्फत उभे राहण्याचा हक्क नाही. हेतू नेक होता. पण काळ्या कोटाला बाहेर ठेवले म्हणून दोन्ही पक्ष बरोबरीचे होत नाहीत. एका बाजूला दुकानदारीत, कागदपत्रांत मुरलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला कधी बँकेचा फॉर्म न भरलेली बाई, हे चित्र तसेच राहते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हे कलम वैध ठरवले. मात्र न्यायाधीशांची परवानगी घेऊन वकील देता येतो, आणि तीच वहिवाट पडली.

मग पैशाचा प्रश्न. मुंबईत गरिबांना कायद्याची मदत देणारी सोसायटी १९२४ मध्येच निघाली होती. १९४९ मध्ये न्यायमूर्ती न. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने याच विषयावर समिती नेमली. १९७६ मध्ये मोफत कायदेमदत घटनेत आली. त्यासाठीचा १९८७ चा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या बाराव्या कलमात एक गोष्ट आहे जी आम्हाला त्या सोमवारी माहीत असायला हवी होती. स्त्री आणि मूल यांना मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. प्रत्येक जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, १५१०० हा फोन आहे. साध्या कागदावर अर्ज चालतो.

कायदाही हळूहळू सरकत होता. गीता हरिहरन या लेखिकेने मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी केलेला अर्ज रिझर्व्ह बँकेने बापाची सही हवी म्हणून परत केला. त्यांची बाजू इंदिरा जयसिंग यांनी मांडली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हिंदू कायद्यात 'बापानंतर आई' याचा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर असा नाही. बाप लक्ष घालत नसेल तर आईच नैसर्गिक पालक. ऑगस्ट २०१७ मध्ये एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरला. २०१९ च्या कायद्याने असा तलाक दिला गेलेल्या आईला अज्ञान मुलांच्या ताब्याचा हक्क दिला, तो कसा हे मॅजिस्ट्रेटने ठरवायचे. आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नऊ वर्षांच्या एका मुस्लिम मुलाचा ताबा आईला दिला. सात उलटून दोन वर्षे झाली होती, तरी मुलाच्या हितापुढे व्यक्तिगत कायद्याचा हिशेब मागे राहिला.

हे सगळे बापांच्या विरुद्ध लिहीत आहोत असे कोणी समजू नये. मे २०१९ मध्ये आई वारलेल्या एका लहान मुलीचा ताबा सर्वोच्च न्यायालयाने, मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवून, आजोळच्या माणसांकडून बापाकडे दिला. तिथे मुलीचे हित बापाकडे होते. मोजमाप तेच, कौल वेगळा.

आता आमच्या दारातल्या त्या आईकडे परत येऊ. नवी मुंबई हे सिडकोने आखलेले शहर. खाडी बुजवली, सेक्टर पाडले, घरे बांधली. घराघरांत नवरा, बायको, मुले. मोहल्ला मागे राहिला, आणि मोहल्ल्याबरोबर तो निकाहातला वकील, तो मामाही मागे राहिला. शिवाय हद्दीचा गुंता. बेलापूर आणि खारघर ही हार्बर मार्गावरची लगतची स्थानके. पण बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडमध्ये. सासर एका स्थानकावर, माहेर पुढच्या, आणि जिल्हे दोन. त्यात मुलगा तिसऱ्याच ठिकाणी, गावी. अर्ज कुठे करायचा?

ओळखीतून जे वकील भेटले त्यांतल्या एकाने आधी फीचा आकडा सांगितला. दुसऱ्याने नवऱ्याला कसा अडकवता येईल ते सांगितले. तिने मान हलवली, "मुझे बच्चा चाहिए, झगड़ा नहीं." शेवटी ठाण्याला विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत अर्ज दिला, तेव्हा एक वकीलबाई मिळाल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मुलाबद्दल. कितवीत आहे, कोणाजवळ झोपतो, आजारी पडला की दवाखान्यात कोण नेते? आमच्या मते मुलाच्या खटल्यासाठी वकील निवडायची हीच कसोटी आहे. जो आधी मुलाबद्दल विचारतो तो तुमचा वकील. जो आधी नवऱ्याबद्दल विचारतो त्याच्याजवळ जपून बसावे.

दुसरा प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला. मुलगा नेहमी इथेच राहत होता याचा पुरावा काय? आम्ही दोन वर्षांचे हजेरीपट काढले. एकेका दिवसापुढे त्याची हजेरी लावलेली. पालकसभेच्या वहीत आईच्या सह्या. ज्या कचेरीतून दाखला गेला त्याच कचेरीतून या नकला गेल्या. नववे कलम, कृष्णमूर्तींचा खटला, प्रिव्ही कौन्सिल, हे सगळे आम्ही नंतर वाचले. त्या दिवशी एवढेच कळले की शिक्षक रोज सकाळी जी रेघ ओढतो तीही साक्ष देते.

काही महिन्यांनी मुलगा परत वर्गात आला. तूर्त आईकडे राहील, रविवारी वडिलांना भेटेल, असा हुकूम झाला. न्यायाधीशांनी त्याला आत बोलावून काय विचारले ते त्याने कोणाला सांगितले नाही. पहिले काही दिवस तो फाटकाकडे तोंड करून बसायचा. त्याची जागा आम्ही बदलली नाही.

आमच्या कामातही एक बदल झाला. दाखल्याचा अर्ज आला की आम्ही रजिस्टरातल्या दोन्ही पालकांना कळवतो आणि मगच सही करतो. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचे नाव बापाच्या आधी लिहिणे बंधनकारक केले आहे. ती मुले शाळेत येतील तेव्हा रजिस्टरात आई आपोआप दिसेल. तोवर तिला पाहणे आमच्या डोळ्यांचे काम.

आणि एक विनंती जमातीच्या वडीलधाऱ्यांना. निकाहनाम्यावर वकिलाचे नाव लिहिण्यासाठी आपण माणूस उभा करतो. तलाकची गोष्ट आपल्या कानावर येते तेव्हाही एक माणूस उभा करावा. त्याने भांडण लावू नये, फतवे काढू नयेत. मुले असतील तर त्या बाईला विधी सेवा प्राधिकरणाच्या दारापर्यंत सोबत करावी, आणि मूल गावी पाठवले जाण्याआधी करावी. हदीसमधली ती स्त्री एकटी चालत गेली आणि तिचे ऐकले गेले. आज कोर्ट दूर आहे, भाषा परकी आहे. तिच्या बरोबर कोणी चालावे, एवढाच वकील या शब्दाचा अर्थ आहे.